सुगंधाबाईच्या दाढेचा रंगीत फोटो

१ जानेवारी, बुधवार

नवी डायरी. औषध कंपनीच्या माणसाने दिली. वर चामडं काय, सोनेरी अक्षरं काय, आणि आत रेघा इतक्या पुसट छापल्यात की पान कोरंच वाटतं. फुकटच्या मालाला नावं ठेवू नयेत म्हणतात, पण मी ठेवणार. डायरी माझी आहे.

वर्षाची सुरुवात भांडणाने. डिंपलने दवाखान्यात कॅमेरा आणला. डिंपल म्हणजे आमची सून, आमच्या मुलाची, नवीनची बायको, माहेर धुळ्याचं. स्वतः दातांची डॉक्टर आहे आणि दोन वर्षांपासून माझ्या सावद्याच्या दवाखान्यात शेजारच्या खुर्चीवर काम करते. म्हणते, पेशंटच्या दाताचा फोटो काढायचा आणि टीव्हीवर परातीएवढा करून दाखवायचा. म्हणजे पेशंटला कळेल काय झालंय, आणि आपल्याकडूनही काही सुटणार नाही.

ते 'आपल्याकडूनही' मी बरोबर ऐकलं. चौतीस वर्षं मी सावद्याच्या तोंडात डोकावतोय, माझ्याकडून काय सुटलं ते आधी दाखव म्हटलं. ती कॅमेऱ्याची वायर सोडवत राहिली. लोटन माझा कंपाउंडर, अठ्ठावीस वर्षांचा सोबती, आणि त्याने मला न विचारता भिंतीवर टीव्ही टांगून ठेवला होता. फितूर.

५ जानेवारी

मळ्यात भरीत झालं. वांगी झकास, पण हिने मिरची हात आखडून घातली. साठी आली की बायका तिखटाला भ्यायला लागतात की काय कोण जाणे. बोललो नाही. पंचवीस माणसांत बायकोला बोलायचं म्हणजे संध्याकाळचं जेवण गेलं. इथे लिहिलं म्हणजे मन मोकळं होतं. डायरी कपाटाच्या दुसऱ्या खणात ठेवतो, कुलूप नाही. या घरात माझं लिहिलेलं वाचायची हौस कुणाला आहे?

८ जानेवारी

आज घरी पुन्हा भरीत. असं तिखट की नाकाडोळ्यांतून पाणी. मी एक शब्द बोललो नव्हतो. पस्तीस वर्षांच्या संसारात बायकोला मनातलं ऐकू यायला लागतं, हे खरंच.

१९ जानेवारी

डायरीला शिव्या दिल्या त्या मागे घेतो. आतली पानं चांगली आहेत, रेघा काळ्याभोर, ठळक. पहिली पाच-सहा पानंच छापखान्यात बिघडलेली.

बाकी जगाचा दर्जा मात्र घसरतोय. पेपरवाले शाई वाचवतात, वाचायला घेतलं की सगळं धुरकट. न्हाणीतला आरसा बाद झालाय. दवाखान्यातली ट्यूब दोन महिन्यांत तिसऱ्यांदा बदलली तरी उजेड मेलेलाच. लोटनला म्हटलं, दुकानदार तुला फसवतो. लोटन म्हणाला, हो नाना. आजकाल तो माझ्या सगळ्याच बोलण्याला हो म्हणतो, आणि वर बडबड्या झालाय. मी पेशंटच्या तोंडात आरसा घातला की मागून सुरू. नाना, जरा मागची. नाना, त्याच्या शेजारची. अठ्ठावीस वर्षं मुका होता तेच बरं होतं.

३ फेब्रुवारी

सुगंधाबाई आल्या होत्या. आमच्या गावातल्याच, केळीवाल्या. पासष्टीच्या असतील, तोंड पंचविशीचं. माझ्या पहिल्या वर्षापासूनच्या पेशंट. खालच्या डाव्या बाजूला चमक मारते म्हणाल्या. कळण्याची, ज्वारी-उडदाची भाकर चावली की डोक्यापर्यंत जाते. मी पाहिलं. मिशरीने सगळंच काळं, त्यात काय दिसणार? एक्स-रे काढला, त्यातही काही नाही. थंडी आहे, कोमट पाणी प्या म्हटलं.

डिंपल मध्ये तोंड घालून म्हणाली, "मावशी, उद्या या. दात साफ करून आपण एक फोटो काढू." त्या म्हणाल्या, फोटो तर आत्ताच निघाला ना. तेव्हा डिंपलला समजलं की सावद्यात फोटो म्हणजे एक्स-रे. छातीचा फोटो, गुडघ्याचा फोटो, दाढेचा फोटो. ती म्हणाली, तो नाही मावशी, खराखुरा, रंगीत.

आता बघू उद्याची गंमत.

४ फेब्रुवारी

हसून हसून बरगड्या दुखल्या. सुगंधाबाई जरीचं हिरवं लुगडं नेसून, नाकात नथ घालून, वेणी माळून आल्या. सोबत पिशवीत दुसरी साडी, एक फोटो उभ्याने आणि एक बसून काढायला. डिंपलने त्यांना खुर्चीत आडवं केलं आणि गाल ओढायचे प्लास्टिकचे आकडे तोंडात घातले, तेव्हा बाईंचा चेहरा पाहण्यासारखा झाला. आकडे काढल्याबरोबर म्हणाल्या, "काहून गं, एवढी नटून आले आणि तू मले आतूनच पाह्यलं?"

मग विचारलं की हा फोटो भिंतीवर लावणार का, आणि हार आणून ठेवलाय का. लोटन बाहेर जाऊन हसून आला. शेवटी डिंपलने त्यांचा नथीतला एक फोटो काढून दिला, तेव्हा खुश झाल्या.

दुपारी डिंपल म्हणाली, नाना, एकदा टीव्हीवर बघता का, मावशींच्या दाढेत काहीतरी आहे. बारीक चीर आहे. एक्स-रेत अशी चीर दिसत नाही, फोटोत दिसते. दाढेवर टोपी, म्हणजे कॅप, बसवली तर ती वाचेल.

मी टीव्हीकडे पाठ करून बसलो. टीव्ही मालिका बघायला असतो. चौतीस वर्षं ज्याने दाढेत बोट घालून निदान केलं त्याने आता पडद्यावर दाढ बघायची? सुगंधाबाईंना मीच सांगितलं, काही नाही, पोरींना नव्या खेळण्याचं कौतुक असतं. त्या म्हणाल्या, "नाना म्हंता काही नाही, म्हंजे काही नाही." याला म्हणतात विश्वास.

१२ फेब्रुवारी

सगळा कट माझ्या लक्षात आला आहे. लिहून ठेवतो.

एक. दिवाळीपासून मशीनने दात कोरायचा एकही पेशंट माझ्याकडे येत नाही, सगळे डिंपलकडे. मला फक्त कवळीवाले म्हातारे, ज्यांचं माप मी हातानेच घेतो. नावं पुकारतो लोटन. म्हणजे लोटन सामील. दोन. कालपासून डिंपल माझ्याही पेशंटचे फोटो काढते आणि मी काही म्हणायच्या आत ते पडद्यावर लागतात. तीन. ही आणि डिंपल स्वयंपाकघरात बोलत असतात आणि मी गेलो की भाजीचा विषय काढतात.

निष्कर्ष उघड आहे. मला खुर्चीवरून उठवायचं आहे. उठवा. मी खुर्चीसकट उठेन.

६ मार्च

डिंपल फोनवर आईशी बोलत होती. माहेरी बोलताना ती अहिराणीवर येते. ऐकू आलं ते असं: "त्यास्ले बठ्ठं माहीत शे वं माय, पन कबूल करतस नही." म्हणजे कुणाला तरी सगळं माहीत आहे, पण कबूल करत नाहीत. धुळ्याला कुणाची तरी भानगड दिसते. आपण व्याह्यांच्या घरात नाक खुपसू नये.

ही पिकलेली केळी टोपलीत ठेवून गेली. एक खाल्लं. तुरट, कडक, लाकूड. पिवळं दिसत होतं की. हिला म्हटलं तर म्हणाली, अहो ती हिरवी आहेत, भाजीला आणलीत. सावद्यात जन्म गेला माझा, मला केळीचा रंग शिकवते. पण पोट मात्र दिवसभर धरलेलं आहे.

२२ मार्च

कॅमेऱ्याने गावात वेड लावलंय. निंभोऱ्याहून माणसं येतात, तेही डिंपलचं नाव विचारत. एका शेतकऱ्याने स्वतःची किडकी दाढ टीव्हीवर पाहिली आणि तिथल्या तिथे तंबाखूची पुडी लोटनच्या हातात दिली. मी वर्षानुवर्षं सांगत होतो तेव्हा हाच माणूस दाराबाहेर जाऊन पुडी उघडायचा. आज म्हणाला, नाना, तुम्ही सांगत होता ते खोटं नव्हतं, पण मले दिसलं नव्हतं.

हे मी निव्वळ नोंद म्हणून लिहितो आहे. कौतुक म्हणून नाही.

बनियन बगलेत फाटलंय, नवं घ्यायला हवं.

२४ मार्च

उशाशी नवी बनियनं, तीन. कमाल आहे या बाईची.

२९ एप्रिल

उद्या आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. डिंपल काल माहेरी गेली, चार दिवस झोके घेईल, मांडे खाईल. दवाखाना पुन्हा माझा. लोटनला सांगितलं, टीव्ही बंद ठेव. खुर्चीवर बसलो तर बरं वाटलं, आपल्या घरात आल्यासारखं.

लोटन म्हणाला, दोन दिवस दवाखानाच बंद ठेवू ना नाना, सणाचं कोण येतंय. मी म्हटलं, दुखणं सण बघून येत नाही.

१ मे

थोडं लिहितो.

सुगंधाबाई आल्या. गाल सुजलेला, पदर तोंडाला. आखाजीला सासरहून लेक आली, घरात पुरण शिजलं आणि बाईंनी पाण्यात कालवून भात खाल्ला. "नाना, तीन महिने मी तुमचं कोमट पानी पिते," एवढंच म्हणाल्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी पाहिलं. मागच्या दाढेवर काळा डाग. हीच, दुसरी कोण? सुई दिली. मशीन हातात घेतलं, दिवाळीनंतर पहिल्यांदा. ते फिरायला लागलं, दाढेपासून बोटभर लांब होतं, आणि लोटनने माझं मनगट धरलं.

अठ्ठावीस वर्षांत त्याने माझ्या अंगाला हात लावला नव्हता. मी ओरडणार तोच तो हळू आवाजात म्हणाला, "नाना, फोटो पहा. माझ्यासाठी एकदा." आणि त्याने टीव्ही लावला.

फेब्रुवारीतला फोटो. परातीएवढी दाढ. काळा डाग मागच्या दाढेवर, पण तो साधा मिशरीचा. तिच्या पुढच्या दाढेत, मधोमध, केसासारखी चीर, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. कोपऱ्यात तारीख, चार फेब्रुवारी. मी उठून टीव्हीला नाक लावून पाहिलं. मग बाईंच्या तोंडात पाहिलं. तोंडात मला ती चीर दिसेना. कुठूनही, कसंही वाकून, दिसेना.

चांगली दाढ कोरणार होतो मी. माझ्यावर चौतीस वर्षं भरवसा ठेवणाऱ्या बाईची चांगली दाढ.

मशीन खाली ठेवलं. औषध दिलं, परवा डिंपल येते तोवर थांबा म्हटलं. त्यांनी विचारलं, काय झालं नाना? उजेड कमी आहे म्हणालो. बाहेर मे महिन्याचं ऊन होतं.

२ मे

पोट बिघडलंय. दवाखान्यात गेलो नाही.

३ मे

पोट.

५ मे, सोमवार

डिंपलने सुगंधाबाईंच्या दाढेचं काम सुरू केलं. वाचेल म्हणते. चीर मुळापर्यंत गेलेली नाही, रूट कॅनल करून वर टोपी. मी विचारलं नाही, तिनेच जेवताना हिला सांगितलं, जरा मोठ्याने. मी वरणात मीठ घालत होतो. ती साखर निघाली.

दुपारी माझ्याजवळ आली आणि म्हणाली, नाना, तुमचा एक फोटो हवा, दवाखान्याच्या बोर्डाला. ती भांडेल, सुनावेल, याची मी तयारी केली होती, बोर्डाची नव्हती. मी केस विंचरले. तिने दातांच्या फोटोचं मोठं भिंग लावून कॅमेरा माझ्या नाकाला टेकवला. एवढ्या जवळून बोर्डाचा फोटो? नवीन पद्धत असेल.

६ मे

आज दवाखान्यात गेलो. पेशंट नव्हते. टीव्हीवर एक फोटो होता. पडदाभर एक डोळा, बुबुळाच्या मधोमध जिथे काळं असतं तिथे पांढरट, साबुदाणा शिजवून ठेवल्यासारखं.

डिंपल म्हणाली, एक पेशंट आहे नाना, सल्ला हवाय.

मी म्हटलं, हा दातांचा दवाखाना आहे. ती म्हणाली, तरी सांगा. मग मी सांगितलं, चांगलं खणखणीत. म्हटलं, मोतीबिंदू आहे आणि पुरता पिकलाय, यात सांगायचं काय? "कोण आहे हा गाढव? सावद्याचा असेल तर लाज वाटली पाहिजे त्याला. आपण घड हिरवा असताना उतरवतो, आणि याने डोळा झाडावरच पिकू दिला." हा माणूस गाडी चालवत असेल तर लोकांना मारेल म्हटलं. घरचे काय झोपलेत का म्हटलं.

लोटन खोकला. डिंपल फोटो लहान करत गेली. डोळ्याच्या वर भुवई आली. भुवईत आडवी खूण आली, लहानपणी विहिरीच्या दगडावर पडलो होतो ती. मग नाक आलं, नीट विंचरलेले केस आले.

मी खुर्चीत बसलो. पेशंटच्या. किती दिवस माहीत आहे तुम्हाला, विचारलं. लोटन म्हणाला, गणपतीपासून. डिंपल म्हणाली, "नाना, तुम्हाला उठवायला नाही आणला कॅमेरा. तुम्हाला मोठं दिसावं म्हणून आणला. तुम्ही पाठ करून बसलात."

मला काय वाटलं ते लिहितो, इथे कोण बघतंय. मला रडू आलं. मग भूक लागली.

२० मे, धुळे

व्याह्यांकडे मुक्काम. उद्या उजवा डोळा, दोन आठवड्यांनी डावा. डोळ्यांच्या दवाखान्यातली पोरगी म्हणाली, बाबा, हनुवटी आठे ठेवा, फोटो काढना शे. मी विचारलं, काळा की रंगीत? ती म्हणाली, असं आजवर कोणी विचारलं नाही. मी हललो म्हणून तिने मला दोनदा रागावलं. पेशंट म्हणून मी अगदीच टाकाऊ आहे. सुगंधाबाई बऱ्या.

८ जून, रविवार, सावदा

दोन्ही डोळे झाले. दवाखान्यातली ट्यूब इतकी प्रखर कुणी लावली म्हणून लोटनला झापलं. तीच आहे, तिसरी.

काल सुगंधाबाई टोपी दाखवायला आल्या. मी आधी तोंडात पाहिलं, मग टीव्हीवर, मग पुन्हा तोंडात. दोन्हीकडे एकच दिसलं. माझ्यामुळे तीन महिने दुखलं तुम्हाला, म्हटलं, चूक माझी. त्या म्हणाल्या, "ते जाऊ द्या. आता तुमाले दिसते तर सांगा, त्या फोटोत माही नथ कशी दिसते?" चांगली दिसते म्हणालो. खरंच चांगली दिसते.

यापुढचा नियम मीच केलाय. खुर्चीत कोणीही बसो, आधी रंगीत फोटो, तो मोठा करून दोघांनी पाहायचा, मग मशीन. माझेही पेशंट, डिंपलचेही. लोटनला कॅमेरा हाताळायचं शिकवणार होतो, तर त्याला माझ्याआधीच येतो.

आता मुख्य गोष्ट. आज वीस दिवसांनी ही डायरी नव्या डोळ्यांनी उघडली. रेघा छापलेल्या नाहीत. काळ्या स्केचपेनने, पट्टी लावून मारलेल्या आहेत. पानामागून पान. मध्येच एखादी वाकडी गेलीय, पट्टी सरकली असणार. पुढे उलटत गेलो. जुलै, ऑगस्ट, दिवाळी, थेट एकतीस डिसेंबरपर्यंत. शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात हळदीचं बोट उमटलंय. सगळ्या रेघांच्या खाली ते छापील पुसट ओळींचं जाळं आहे, पहिल्या पानावरही अगदी स्वच्छ दिसतंय.

मी जाऊन हिच्यासमोर डायरी धरली. भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, मी वाचत बीचत नाही, फक्त रेघा मारते.

ठीक आहे. मग माझ्या खाजगी डायरीत मी माझ्यापुरतं लिहितो. डिंपल माझ्याहून चांगली डॉक्टर आहे, आणि तिच्यापुढे मी तीन महिने गाढवासारखा वागलो. हे तिला तोंडावर सांगायची मला फार लाज वाटते, म्हणून सांगणार नाही. कुणीही सांगू नये. आणि उद्या शेवभाजी असली तर बरं होईल, झणझणीत.

डायरी दुसऱ्या खणात ठेवतो. कुलूप नाही.